वावर, वरण आणि वजन: ताकद कमावणं आणि चरबी उतरवणं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात व्यायामशाळा चालते. तिथं येणारी पोट्टी आणि आसपासच्या गावांतून फोन करणारे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथं एकत्र केलेत, जमेल तितके विचारणाऱ्याच्याच शब्दांत. मी डॉक्टर नाही. जिथं डॉक्टरकडेच जायला हवं, तिथं तसं लिहिलंय.

१. भाऊ, दिवसभर वावरात राबतो. तरी बॉडी काहून नाही बनत?

कारण वावरातलं ओझं वाढत नाही. फवारणीचा १६ लिटरचा पंप घ्या. भरला की २० किलोच्या आसपास जातो. पहिल्या हंगामात पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले, संध्याकाळी हात वर होत नव्हता. तिसऱ्या हंगामात तोच पंप पाठीवर असतो आणि तुम्ही फोनवर बोलत चालता. शरीरानं पंपापुरती ताकद कमावली आणि तिथंच थांबलं. पंप काही दरवर्षी दोन लिटरनं मोठा होत नाही.

डवरणी, निंदण, वेचणी ही तासन् तास चालणारी कामं. त्यांनी दम वाढतो, अंग चिवट होतं, पण स्नायू जाड होत नाहीत. त्यासाठी असं ओझं लागतं, जे ८ ते १२ वेळा उचलल्यावर आणखी एखाद-दोन वेळाच उचलता येईल. आणि ते ओझं हळूहळू वाढत गेलं पाहिजे.

दुसरी अडचण ताटातली. सकाळी चहा, दुपारी शिदोरीत भाकरी-चटणी, रात्री भाकरी आणि पातळ वरण. कष्ट बैलाचे आणि प्रथिनं गरजेच्या निम्मी. हिशेब प्रश्न ५ मध्ये आहे.

२. गावात जिम नाही. तालुक्याला रोज जायचं तर पेट्रोलच परवडत नाही. सामान कुठून आणू?

आमचा पहिला रॉड म्हणजे भंगारातला सहा फुटी लोखंडी पाइप. दोन्ही टोकांना रंगाचे ४-४ लिटरचे रिकामे डबे बसवले आणि त्यात सिमेंट-गिट्टी भरली. चार दिवस पाणी मारलं. मोठ्या हौसेनं उचलला, तर उजवीकडे झुकला. किराणा दुकानातला काटा आणला, एक टोक काट्यावर ठेवलं, दुसरं तेवढ्याच उंचीच्या विटांवर. मग टोकं बदलली. फरक निघाला ७०० ग्रॅमचा. भरताना माल मोजला नव्हता, डोळ्यानंच भरला होता. शेवटी हलक्या डब्याला कुंपणाची तार गुंडाळून बरोबरी केली. रॉड आजही तारेसकट वापरात आहे. तुम्ही आधीच मोजून भरा.

अशा जोडीचं वजन साधारण २२-२३ किलो होतं. १० लिटरचे डबे घेतले तर पन्नाशीच्या पुढं जातं. सगळ्यात सोयीची मात्र रेतीची गोणी. युरियाचं रिकामं पोतं धुऊन घ्या, एकात एक दोन पोती घाला, २० किलो कोरडी रेती भरा, तोंड सुतळीनं घट्ट शिवा. वाढवायचं असेल तेव्हा दोन किलो रेती आणखी. दोन निंबांच्या मध्ये पाइप आडवा बांधला की पुलअप्सची सोय झाली. त्याला एकदा दोघांनी लोंबकळून बघा, मगच भरवसा ठेवा.

३. सुरुवात कोणत्या व्यायामानं करू? आठवड्यातून किती दिवस?

तीन दिवस, एकाआड एक. प्रत्येक वेळी चार हालचाली झाल्या पाहिजेत: बसून उठणं (गोणी छातीशी धरून बैठका), वाकून उचलणं (रॉड जमिनीवरून, पाठ ताठ, कंबर मागं), ढकलणं (जोर, किंवा रॉड डोक्यावर नेणं) आणि ओढणं (पुलअप्स, किंवा वाकून रॉड पोटाकडे खेचणं). प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, दर फेरीत ८ ते १२ वेळा, मध्ये दोन मिनिटं आराम. पाऊण तासात उरकतं.

तिन्ही फेऱ्यांत १२ झाले की पुढच्या वेळी वजन वाढवा. हे लक्षात ठेवायला वही करा: तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. आमच्याकडे शंभर पानी वही नसलेल्याला मी रॉडला हात लावू देत नाही. पोट्टे चिडतात, पण "मागच्या महिन्यात किती उचललं?" याचं उत्तर वहीवाल्याकडेच असतं.

४. आजोबा दंड-बैठकांवरच पहिलवान झाले. मग लोखंड कशाला?

दंड-बैठका उत्तमच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायाम शिकवतंय आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी हे देशी खेळ जगाला करून दाखवले. विदर्भाला ही गोष्ट नवीन नाही.

पण ५० दंड सहज निघू लागले की ते प्रश्न १ मधल्या पंपासारखे होतात: दम वाढतो, जाडी नाही. मग पाय बाकड्यावर ठेवून मारा, पाठीवर १० किलोची पिशवी घ्या, बैठकीत गोणी धरा. शिवाय दंडात ओढण्याची हालचाल नाही, ती वेगळी करावी लागते. आजोबा मुदगलही फिरवत आणि घरच्या म्हशीचं दूधही पीत, हे सांगायचं मात्र राहून जातं.

५. रोज किती प्रथिनं लागतात? आपल्या जेवणातून ती निघतात का?

साध्या माणसाला वजनाच्या दर किलोला साधारण ०.८३ ग्रॅम, ही आपल्याकडची अधिकृत शिफारस. स्नायू वाढवणाऱ्यानं १.६ ग्रॅमपर्यंत जावं, त्यापुढं फारसा फायदा दिसत नाही. म्हणजे ६० किलोच्या पोराला ९५ ग्रॅमच्या आसपास.

आता आपलं ताट मोजू. ज्वारीच्या चार भाकरी, पीठ २४० ग्रॅम: २४ ग्रॅम. तुरीची डाळ ७५ ग्रॅम, कोरडी मोजलेली: १६. फुटाणे ५० ग्रॅम: १०. तीन अंडी: १८. दूध-दही मिळून ३०० मिली: १०. सोयाबीन वडी ४० ग्रॅम, तीही कोरडी: २०. बेरीज ९८. जमलं की नाही?

घोळ वरणात होतो. "रोज वरण खातो" म्हणणाऱ्या एका पोराच्या घरी विचारलं, तर पाच माणसांत एक वाटी डाळ शिजायची. म्हणजे त्याच्या वाट्याला ३० ग्रॅम, प्रथिनं ६-७ ग्रॅम, बाकी पाणी आणि हळद. वरण घट्ट करा, हा माझा सगळ्यात स्वस्त सल्ला. थंडीत तुरीचे सोले, बरबटी, हरभरा जे वावरात निघतं ते उसळीत घाला. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असतं आणि डाळीत ते भरपूर, म्हणून भाकरी-वरण ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. भंडारा-गोंदियाकडे धानाचा मुलूख. भातात प्रथिनं ज्वारीपेक्षा कमी, पण तलावाची मासोळी ती कसर काढते. १०० ग्रॅम मासोळीत १७-१८ ग्रॅम सहज मिळतात.

मटण-कोंबडी खात असाल तर रविवारची वाट पाहू नका. एकाच दिवशी अर्धा किलो खाण्यापेक्षा आठवड्यात तीनदा थोडं बरं. आणि सावजी रश्श्यावरची तेलाची तर्री म्हणजे प्रथिनं नव्हेत.

६. घरचं सोयाबीन पोत्यानं पडून आहे. तेच खाल्लं तर? मास्तर म्हणतात, मरदानं सोयाबीन खाऊ नये.

मास्तरांना सांगा, नेहमीच्या प्रमाणात सोयाबीन खाल्ल्यानं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, हे तपासून झालंय. प्रथिनं म्हणाल तर १०० ग्रॅम दाण्यात सुमारे ३६ ग्रॅम आणि वडीत ५० च्या वर.

पण कच्चं खाऊ नका. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो भिजवून नीट शिजवल्यावर बहुतेक निघून जातो. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा, मग उसळ. किंवा दाणे चांगले भाजून गव्हात किलोला १०० ग्रॅम या हिशेबानं दळून आणा. सुरुवातीला पोट फुगतं, तेव्हा थोड्यानं चालू करा.

पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही खाऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी-लाल रंग दिसला तर विषय संपला, आणि रंग नसला तरी बॅगेतलं बियाणं ते बियाणंच.

७. वजन कमी करायचंय. भाकरी बंद करू की भात?

दोन्ही ठेवा. चरबी उतरते ती खर्चापेक्षा खाणं थोडं कमी राहिलं की, मग ते कुठूनही कमी होवो. माझा अनुभव असा की आपल्याकडे जास्तीचं खाणं भाकरीत नसतंच. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल जात असेल तर माणशी रोज ४० ग्रॅम, म्हणजे ३६० च्या वर कॅलरी. दिवसाला सहा कप चहा, दर कपात दोन चमचे साखर, त्याच्या २४०. सकाळी चौकातला आलूबोंडा आणि तर्री पोहे वेगळेच. लोक भाकरी सोडतात आणि बोंडा ठेवतात, मग दुपारी चारला भुकेनं कासावीस होऊन आणखी दोन बोंडे.

तेल अर्ध्यावर, चहा दोन कप, वरण घट्ट, सोबत कच्चा कांदा-मुळा-काकडी. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं तर गाडी बरोबर चाललीय. त्याहून फार वेगानं उतरलं तर चरबीसोबत स्नायूही जातात. आणि व्यायाम, प्रथिनं तशीच ठेवायची, कमी करायची नाहीत.

८. फक्त पोट कमी करायचा व्यायाम सांगा.

तसा नसतो. पोटाच्या व्यायामानं पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी शरीर स्वतःच्या मर्जीनं काढतं. पुरुषांत पोट बहुधा शेवटी जातं. वजनकाट्यापेक्षा टेलरचा टेप बरा: बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या वर असेल तर साखर, बीपी तपासून घ्या. बाकी प्रश्न ७.

९. मी उलटा आहे. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही.

"कितीही" म्हणजे किती, ते तीन दिवस वहीत लिहा. बहुतेकदा एक वेळ भरपेट आणि दोन वेळा चहावर भागवलेलं निघतं. दोन मुख्य जेवणांसोबत दोन नाश्ते जोडा: मूठभर फल्लीदाणे आणि गूळ, दूध-केळं, फोडणीच्या भातात दोन अंडी. महिन्याला एक-दीड किलो वाढलं तर पुष्कळ. नीट खाऊनही वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर व्यायामशाळेत येण्याआधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा.

१०. पावडर घेऊ का? आणि ते वजन वाढवायचं पाकीट?

व्हे पावडर म्हणजे दुधातली प्रथिनं, जादू काही नाही. एका मापात साधारण २०-२५ ग्रॅम. प्रश्न ५ चं ताट जमत असेल तर गरज नाही. क्रिएटिन ही वेगळी पावडर, तिचा ताकदीसाठी खरोखर उपयोग होतो: रोज ३ ते ५ ग्रॅम, पाणी भरपूर. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

बिनलेबलच्या "वजन वाढवा" पुड्या मात्र फेकून द्या. अशा मालात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड आणि भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन मिसळलेलं ठिकठिकाणी सापडलंय. महिन्यात गाल वर येतात, पोरगं खूश, आई खूश. ती सूज असते. आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केलं तर जीवावर बेततं, म्हणून घेत असाल तर डॉक्टरला सांगूनच सोडा. इंजेक्शनवाल्यांना एवढंच सांगतो की बाहेरून हार्मोन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषण आक्रसतात, मूल होण्यात अडचण येते. लग्नाआधी बायसेप आणि लग्नानंतर दवाखान्याच्या चकरा, असं होऊ नये.

११. दादा, मी ३४ वर्षांची, दोन लेकरं. वेचणीनं कंबर धरते. आम्ही बायांनी वजन उचललं तर पुरुषी दिसू का?

नाही, ताई. स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बायांत पुरुषांच्या एक दशांशाहूनही कमी असतं. ताकद वाढेल, अंग आवळ होईल, हाडं टिकतील.

वेचताना दिवसभर वाकायचं आणि ओटीत कापूस वाढत जायचा, त्यात कंबरेला आधार देणारे स्नायू आधी थकतात. १० किलोची गोणी पाठ ताठ ठेवून, कंबर मागं सारून उचलण्याचा सराव (प्रश्न ३ मधला दुसरा) महिना-दोन महिने केला की फरक पडतो. कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर आधी तपासणी. बाहेर लाज वाटत असेल तर घरात दार लावून करा, गोणी कुणाला चहाडी करत नाही.

दोन गोष्टी आणखी. हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर आधी लोहाच्या गोळ्या, त्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात. आणि सगळ्यांचं झाल्यावर गंजाच्या (पातेल्याच्या) तळाशी राहिलेलं वरण हे तुमचं जेवण नव्हे. तुमची वाटी आधी काढून ठेवा.

१२. श्रावण, नवरात्र, उपास. तेव्हा काय?

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपासाला दही, दूध, पनीर, फल्लीदाणे, राजगिरा चालतात, त्यांवर भर द्या. नऊ दिवसांत स्नायू झडत नाहीत. वजन थोडं हलकं ठेवून व्यायाम चालू ठेवा.

१३. मे महिन्यात ४५ डिग्रीत व्यायाम करावा का?

पहाटे पाचला, नाहीतर नकोच. आमच्या गोदामावर टिनाचं छत आहे, संध्याकाळी सातलाही भट्टीच असते. उन्हाळ्यात फेऱ्या तीनच्या दोन करतो आणि मीठ घातलेल्या ताकाचा गंज दाराशी असतो. कुणी बरळायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा अंग तापून उलटी झाली, तर तो उष्माघात समजा: सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा, आणि लगेच दवाखाना.

१४. पोलीस भरतीची तयारी करतोय. पळू की वजन उचलू?

दोन्ही. पुरुषांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. नुसतं पळणारी पोरं गोळ्यात गुण घालवतात. गोळा हाताच्या ताकदीनं जात नाही, मांड्या आणि कंबरेच्या झटक्यानं जातो, म्हणून बैठका आणि जमिनीवरून उचलणं सोडू नका. वजनाचे दिवस आठवड्यात दोन, पळण्याचे तीन-चार. एकाच दिवशी येत असतील तर सकाळी पळा, संध्याकाळी उचला.

१५. खर्रा खातो. बॉडीवर फरक पडतो का?

पडतो. खर्ऱ्यात तंबाखू आणि सुपारी असते. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं, भूक मारतं. दिवसाला चार खर्रे खाणारा दुपारचं जेवण टाळतो आणि वर विचारतो, वजन का वाढत नाही. सुपारीनं तोंडातली कातडी ताठर होत जाते. आमच्याकडे येणाऱ्या एकाच्या तोंडात दोनच बोटं जातात, त्याला भाकरीचा घास बारीक करून खावा लागतो. तुमची तीन बोटं उभी जातात का ते आत्ताच बघा. नाही गेली तर दंतवैद्याकडे, आणि खर्रा त्याच दिवशी बंद.

१६. पेरणीत दीड महिना सुटला. पुन्हा शून्यातून सुरू करू?

शून्यातून नाही. एकदा कमावलेला स्नायू नव्या स्नायूपेक्षा लवकर परत येतो. वहीतल्या शेवटच्या वजनाच्या दोन तृतीयांशावर सुरू करा, तीन-चार आठवड्यांत तिथं पोचाल. पुढच्या वर्षीपासून हंगामात आठवड्याला एक दिवस तरी धरा, तेवढ्यानं बरीचशी ताकद टिकते.

१७. मला सिकलसेल आहे असं शाळेतल्या तपासणीत सांगितलं होतं. व्यायाम करू शकतो का?

आधी कोणतं ते बघा. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, विदर्भात तो बराच आहे, गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत. सोल्युबिलिटी ही पहिली रक्तचाचणी फक्त "आहे" एवढंच सांगते. तुम्ही वाहक (एएस) आहात की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचणीत कळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. २०२३ पासून देशभर सिकलसेलची मोहीम चालू आहे.

वाहक असाल तर व्यायाम करता येतो, बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण उन्हात, तहानलेल्या अवस्थेत, एकदम जीव तोडून पळणं धोक्याचं. त्यात स्नायू फुटून माणूस कोसळतो, आणि जगभर खेळाडू व सैनिकांत असे मृत्यू झालेत. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या वाहकानं वेग टप्प्याटप्प्यानं वाढवावा, पाणी सोबत ठेवावं, तापात पळू नये. मांड्या किंवा कंबर एकदम दुखून पायातलं बळ गेलं तर थांबावं आणि दवाखाना गाठावा. "मन मारून पूर्ण कर" म्हणणारा कोच असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा.

रुग्ण असाल तर हे पान तुमच्यासाठी पुरेसं नाही. किती आणि काय करायचं ते तुमच्या डॉक्टरकडूनच ठरवा.

१८. फवारणी करून आलो की संध्याकाळी व्यायाम करू का?

नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. औषध कातडीतून आत जातं, आणि घाम व ओले कपडे त्याला वाट करून देतात. घरी आल्या आल्या साबणानं अंघोळ, कपडे वेगळे धुवायला, मग जेवण आणि झोप. डोकं दुखणं, मळमळ, लाळ गळणं, धूसर दिसणं, हात थरथरणं यातलं काहीही झालं तर औषधाची बाटली किंवा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरला नाव कळेल. वहीत त्या दिवशीच्या रकान्यात "फवारणी" एवढंच लिहा.